कॅम्पातले पंचहजारी

बाबुलाल मुकादमाला बादशहा म्हणवून घ्यायची भारी हौस. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तो भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर आला, ठेकेदाराच्या हाताखाली एक गँग मिळाली, मजुरांच्या कॅम्पात दोन खोल्यांचं झोपडं मिळालं, आणि स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. शाळेत मुगलांचा धडा तेवढा त्याच्या कानात शिरला होता: बादशहा सरदाराला मनसब, म्हणजे तीन-पाच हजार स्वारांचा हुद्दा देतो, हुद्द्यासोबत जागीर देतो, आणि राज्य काबूलपासून बंगालपर्यंत फुगत जातं. झालं! गावाकडून जो येई त्याला हा ओट्यावर बसून हुद्दा वाटी.

"सुखराम, तू पंचहजारी. कवडू, तू तीनहजारी."

हाताखाली माणूस एक नाही, हातातलं फावडंही ठेकेदाराचं. आणि जागीर कोणती? तर बाबुलालच्या घरात वळकटी टाकण्यापुरती जागा.

या साम्राज्याची चूल फुंकायची त्याच्या बायकोनं, कौशल्येनं. सरदार जेवून ढेकर देत. उष्टं ताट उचलायला मात्र त्यांचे हात झडत. तिनं सगळं सोसलं. खिडकीखालचा देवाचा कोपरा तेवढा तिनं कुणाला शिवू दिला नव्हता.

मग बाबुलालचा मावसभाऊ हिरालाल आला. आल्या आल्या वजीर झाला. पण वळकटीला जागा कुठं होती?

"देवाचा कोपरा दे त्याले," बाबुलाल म्हणाला.

"अन् देव?"

"पिठाच्या डब्यावर ठेव. त्याईले का पाय पसराचे हाये?"

"अवो, जागिरी सरल्यावर तुमचा बादशहा काय करत होता?"

"ते पुढच्या धड्यात होतं. तवा म्या शाळा सोडली होती."

देव डब्यावर गेले. पीठ काढताना कौशल्या रोज त्यांची माफी मागे आणि नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घाली.

पुढचा धडा घरी चालत आला. भट्टीचं काम उरकलं, ठेकेदारानं गँग निम्मी केली. सरदार उदंड, द्यायला काही नाही. दिल्लीचंही असंच झालं होतं. तिथले सुभेदार सुभे घेऊन वेगळे झाले, इथले पंचहजारी दुसऱ्या ठेकेदाराच्या दयाराम मुकादमाकडे पळाले. दयारामकडे हुद्दे नव्हते, काम होतं. जाताना एकानंही रामराम घातला नाही. उरला फक्त वजीर, कारण त्या आळशाला कुणी दारात उभं करीना.

"दादा, राज्य परत उभं करू आपुन," तो देवाच्या कोपऱ्यात लोळत म्हणाला.

कौशल्येनं त्याच्या अंगाखालची वळकटी ओढली आणि अंगणात भिरकावली.

"अवं, माह्या दरबारातला शेवटचा माणूस हाये तो!" बाबुलाल ओरडला.

"मंग दरबार तिकडंच भरवा. कॅम्पाबाहेर रसमड्याच्या माळावर लय जागा हाये."

हिरालाल निघाला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच चहा मागितला नाही.

तिनं कोपरा शेणानं सारवला, देव मांडले, दिवा लावला. बाबुलाल दारातच घुटमळत होता.

"मी कुठं बसू?"

"बसाचं नाही. आरती हाये, उभे राहा."

तो उभा राहिला. टाळ हातात घेतले आणि पहिल्याच कडव्याला ताल चुकला. कौशल्येनं वळूनही पाहिलं नाही.