तुळसाबाईची टिचकी

पारशिवनीजवळच्या त्या गावात तुळसाबाईच्या पायांवर न्हालेलं नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. पाय लांब करून त्यावर बाळ पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, कढत पाणी ओतायचं आणि शेवटी गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. पोर रडत पायांवर यायचं ते झोपूनच उठायचं. बाई स्वतःवर खूश होती, आणि का नसावी!

गावातल्याच पायलच्या तान्ह्या लेकीचे, खुशीचे ओठ मात्र रडली की जांभळे पडायचे. "थंडी भरली वं लेकरात," असं म्हणून तुळसाबाईनं पाणी आणखी कढत केलं, धुरी आणखी दाट. एका सकाळी आंघोळ चालू असताना बाईच्या पायांवरच खुशी रडता रडता निळी पडली आणि तिनं मान टाकली.

नागपूरला नेताना पोर तुळसाबाईच्याच मांडीवर होतं. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयातला दोष जन्मापासूनचा आहे. मधल्या पडद्याला भोक, वर फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. म्हणून अशुद्ध रक्त अंगभर फिरतं आणि बाळ निळं पडतं. काही पोरांना नुसतं भोक असतं. ती सहसा निळी दिसत नाहीत, पण दूध पिताना दमतात, घामेजतात, वजन धरत नाहीत. "हे शेकानं झालेलं नाही. पण धुरी बंद."

पहिलं वाक्य तुळसाबाईच्या कानात शिरलंच नाही, दुसरं मात्र बाहेर निघेना. त्यात पायलनं तिच्याशी बोलणं टाकलं. ऑपरेशन पोर जरा मोठं झाल्यावर व्हायचं होतं. तोवर बाईचं बूड घरात टेकेना. जिथं जिथं तान्हं होतं त्या दारात ही उभी. तळपायाला टिचकी मारायची, पोर रडलं की ओठ न्याहाळायचे, दूध पिताना घाम येतो का ते विचारायचं, की निघाली पुढच्या घरी.

"झोपलेल्या लेकराले रडवून काहून राहिली वं बाई?" शेजारची शोभाताई खेकसली.

"रडू दे. ओठ पाहू दे मले."

तिला लांबून पाहूनच बाया दार लोटू लागल्या. खुशीच्या दाराशी जायची मात्र तिची छाती झाली नाही. ऑपरेशनच्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. बुद्धविहारापासून फाट्यापर्यंत नुसत्या येरझारा. ऑपरेशन झालं, पोर वाचलं, हेही तिला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

छातीवरची जखम पुरती भरल्यावर एका दुपारी पायल दारात आली, कडेवर खुशी. तुळसाबाईनं हात मागं घेतले. पायल तिच्याजवळ खाली बसली, पोर बाईच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःच तळपायाला टिचकी मारली. खुशीनं भोकाड पसरलं. तोंड लाल झालं, ओठही लालच राहिले.

"पाहा मावशी, पोटभर पाहा," पायल म्हणाली. "अन् अर्धी राहिलेली आंघोळ पुरी करून द्या मले. धुरी तेवढी नको."

तुळसाबाईला काही दिसेना. डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "थांब वं, उचलू नको. अजून थोडी रडू दे तिले."