भाऊजींनी एसी घेतला

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याइतका काळजी करणारा माणूस निदान चंद्रपूर जिल्ह्यात तरी दुसरा नसावा, आणि असलाच तर भाऊजींना त्याचीही काळजी वाटत असेल. देवानं माणसांना चिंता वाटून दिल्या तेव्हा भद्रावतीतल्या बऱ्याच लोकांनी आपला वाटा भाऊजींकडे सांभाळायला ठेवला आणि तो परत न्यायला कोणी आलंच नाही, असं ताई म्हणते. त्यांच्या भाचीच्या लग्नात सगळी मंडळी पंगतीला बसली तेव्हा हे वाळूच्या दोन बादल्या घेऊन मांडवामागे उभे होते, कारण आचाऱ्याची भट्टी त्यांच्या मते कनातीच्या फार जवळ होती. व्याही स्वतः बोलवायला आले तर म्हणाले, "तुमी जेवून घ्या, भट्टी विझली का मी बसतो." भट्टी चार वाजता विझली. भाऊजी गार वरण आणि कोरडा भात जेवले, पण चेहऱ्यावर समाधान असं की जणू मांडव त्यांनीच वाचवला. भद्रावतीहून चंद्रपूरला माझ्याकडे यायचं म्हणजे एसटीनं जेमतेम तासाभराचा रस्ता, पण स्टँडवर पोचल्यावर भाऊजी एकदा तरी घरी परत जातात आणि दाराचं कुलूप ओढून बघतात. एकदा ते ओढता ओढता कडीच हातात आली. मग घर उघडं टाकून यायचं कसं, म्हणून माझ्याकडच्या बारशाला दोघंही आलीच नाहीत.

ते कोळशाच्या खाणीत होते. खाली उतरणारे कामगार नव्हेत, तर वरच्या बत्तीघरातले, म्हणजे पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरची बत्ती द्यायची आणि पाळी सुटल्यावर ती परत घ्यायची. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मुलगा नोकरीनिमित्त दूर. घरात दोघंच, आणि तिसरा त्यांचा कूलर. आमच्याकडे कूलर ही वस्तू नसते, ते घरातलं माणूस असतं. भाऊजींचा कूलर जाड लोखंडी पत्र्याचा, मागच्या खिडकीत बसवलेला, जवळजवळ घराच्याच वयाचा. होळी झाली की भाऊजी त्याला रंग देत, गवत बदलत, पंख्याला तेल देत आणि ताईला सांगत, "याच्यावर डोळे मिटून भरोसा ठेव. यंत्र असावं तं असं."

त्या वर्षी चैत्रातच ऊन असं पेटलं की दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसेना. ताई गच्चीवर कुरड्या वाळत घालायला गेली आणि तिथंच चक्कर येऊन बसली. दम्याचा त्रास तिला आधीपासूनचा. दवाखान्यात तीन दिवस काढले, आणि सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना ऊन लागलंय, आणि कूलरच्या ओलसर हवेनं छाती भरते आहे. खोली थंड हवी आणि कोरडी हवी. एसी बसवून घ्या, लवकर."

भाऊजींनी विचारलं, "दारं-खिडक्या बंद करून?"

"हो, बंद करूनच."

भाऊजींचा चेहरा असा झाला की मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी ते चंद्रपूरला आले आणि मी शाळेतून रजा घेऊन त्यांच्याबरोबर दुकानात गेले. तिथला विक्रेता सुस्वभावी होता, पण त्याला भाऊजी ठाऊक नव्हते. त्यानं सांगितलं, तुमच्या खोलीला एक टनाचा पुरेल. भाऊजी म्हणाले, "एक टन म्हंजे दहा क्विंटल. भिंत झेलन का?" विक्रेता हसला आणि म्हणाला, हा टन वजनाचा नाही, थंडाव्याचा. भाऊजींनी मान हलवली, पण ऐकून विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी भिंतीवरचा तो पांढरा डबा खाली काढायला लावला, कमरेचा दुपट्टा घट्ट केला आणि भर दुकानात तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरून उभे राहिले. मग हळूच खाली ठेवून म्हणाले, "बरोबर हाये. तांदळाच्या लहान कट्ट्याएवढा." एवढ्यात आटोपलं असतं, पण त्यांनी पुढे विचारलं, "आत गॅस कोणता?" तो बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, नव्या मशीनमधला गॅस थोडासा पेट घेणारा असतो, पण घाबरायचं कारण नाही. आम्ही रिकाम्या हातानं बाहेर पडलो.

चार दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा रिकामे परतलो. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर भद्रावतीपर्यंत गेले. उन्हानं तापलेल्या एसटीत तोंडाला दुपट्टा बांधून आम्ही बसलो होतो आणि मी मनातून चिडले होते. घरी माझी बहीण दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या श्वास मोजत होती आणि हे गॅसचे प्रकार विचारत होते. मी म्हणाले, "भाऊजी, एवढे लोक एसीत झोपतात. काऊन इतकं भेता?"

ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "आमच्या खाणीत एक जुनी गल्ली होती. काम सरलं, बंद केली. आतली हवा दिसायले साधीच, वास नाई, रंग नाई. एक जण दम खायले म्हणून तिच्या तोंडाशी बसला. लोकायले वाटलं, झोपला. सकाळी बत्ती मीच देल्ली होती त्याले." आणि थोड्या वेळानं, "बंद खोली म्हटलं का मले थोच दिसते. तुया बहिणीले मी कसा आत बंद करू?"

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना हसत आलो होतो.

घरी गेलो तर ताई तशीच बसलेली. आमच्या रिकाम्या हातांकडे तिनं पाहिलं आणि अगदी सहज, पाणी द्या म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "मी गेल्यावरच आणजा एसी. दोन दिवस मले थंड ठेवाले कामी येईन."

भाऊजींनी चप्पल काढली नव्हती. ते तसेच वळले, मिळेल ती एसटी धरून चंद्रपूरला परत गेले आणि दुकान बंद व्हायच्या आधी एसी घेऊन टाकला.

तो बसवायला मडावी नावाचे मेकॅनिक आले. जिवतीकडच्या डोंगरातले, चाळिशीचे, कमी बोलणारे. अशा माणसाला भाऊजी मिळावेत हा दैवाचाच खेळ. भिंतीला भोक पाडायला सुरुवात झाली तेव्हा भाऊजी भिंतीला कान लावून पलीकडे उभे. बाहेरच्या मशीनसाठी लोखंडी स्टँड ठोकला तर त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं. तांब्याची नळी जोडल्यावर मडावींनी सांध्यांना साबणाचा फेस लावला आणि सांगितलं, गॅस गळत असेल तर इथं बुडबुडा येईल. भाऊजी चष्मा लावून त्या फेसासमोर उकिडवे बसले आणि फेस वाळेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, "आणखी एक डाव लावा." मडावींनी लावला. तिसऱ्यांदाही लावला. तेव्हा मात्र ते शांतपणे म्हणाले, "काकाजी, तुमच्या रांधाच्या खोलीत गॅसचं सिलिंडर हाये न? याच्यातला गॅस त्याच्या पासंगालेही नाई पुरत." भाऊजींना पटलं असावं, कारण ते उठले. पण उठून गेले ते रांधाच्या खोलीत, सिलिंडर तपासायला.

कूलर मडावींनी सकाळीच बंद करून ठेवला होता. दुपारचा एक वाजत आला होता. ताईला आम्ही मागच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली खाटेवर बसवलं होतं, अंगावर ओला दुपट्टा टाकून, पण तो पाच मिनिटांत वाळत होता. तिचा श्वास मला चार हातांवरून ऐकू येत होता. आता फक्त विजेची तार जोडायची बाकी होती. मडावींनी बोर्ड उघडला, तारांना तपासणीचा दिवा लावून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि थांबले.

"काकाजी, या घराले अर्थिंगच नाई."

भाऊजी म्हणाले, "असं कसं? घर बांधलं तवा मी सोता उभा राहून खड्डा भरून घेतला होता."

मडावी मागच्या अंगणात गेले. तीन वर्षांपूर्वी तिथं फरशी घातली होती. भिंतीच्या कडेला त्यांना अर्थिंगच्या तारेचं टोक सापडलं, गवंड्यानं छाटून सिमेंटखाली गाडलेलं. ती फरशी घालताना भाऊजी दिवसभर गवंड्याच्या डोक्यावर उभे होते, उतार बरोबर यावा म्हणून, कारण पाणी साचलं तर ताईचा पाय घसरेल. मडावी खिडकीकडे गेले, कूलर एका क्षणापुरता चालू केला आणि टेस्टरचं टोक पत्र्याला टेकवलं. टेस्टर पेटला. बटण बंद करून त्यांनी विचारलं, "याच्यात पाणी कोण भरते?"

खाटेवरून ताई म्हणाली, "मीच. रोज दोन डाव. कधी कधी झिणझिण लागे हाताले."

"पायात काही?"

"रबरी चप्पल. हे उघड्या पायानं हात लावूच देत नाईत. त्याच्यापाई किती भांडलो आमी."

मडावी भाऊजींकडे बघून म्हणाले, "त्या चपलेनं वाचवलं, काकाजी."

हे ऐकून दुसरा कोणी असता तर छाती पुढे काढून हिंडला असता. भाऊजी तिथंच फरशीवर बसले. जगातल्या एकूण एक गोष्टीची काळजी वाहून झाली होती, आणि ज्या एका वस्तूवर डोळे मिटून भरोसा ठेवला तीच रोज दोन वेळा ताईच्या हाताखाली होती. ते कूलरकडे बघत राहिले.

मला मात्र त्या क्षणी ताईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी म्हणाले, "मडावीभाऊ, आज एसी असाच सुरू करून द्या. अर्थिंग उद्या करू. एका दिवसानं काय होते?" मडावी घुटमळले. भाऊजी बसल्या जागेवरून म्हणाले, "नाई." मी आवाज चढवला. तिची हालत दिसत नाही का, असंही बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीचा तो बावरलेला, दहा प्रश्न विचारणारा चेहरा नव्हता. "सुनंदा, आज नाई म्हंजे नाई. तिले शेजारच्यायच्या एसीत नेऊन बसव. मी अर्थिंग केल्याबिगर बटण दाबू देणार नाई."

शेजारच्या मास्तरांकडे एसी होता हे मला सुचलं नव्हतं, इतकी मी घाबरले होते. ताईला तिकडे नेलं. थोड्या वेळानं तिचा श्वास खाली बसला आणि तिनं लिंबाचं सरबत मागितलं. खिडकीतून आम्हाला मागचं अंगण दिसत होतं. भाऊजींनी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, भर उन्हात सब्बल, म्हणजे पहार, घेऊन स्वतः खड्डा खणायला घेतला होता. मडावी सब्बल मागत होते, हे देत नव्हते. उन्हाळ्यातली ती जमीन दगडासारखी. ताई म्हणाली, "त्याईले म्हणा, सावलीत बसा जरासं." मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ती कशी हाये?" मी म्हणाले, बरी आहे. "श्वास?" तोही बरा आहे. मग त्यांनी सब्बल मडावींच्या हातात दिली आणि झाडाला टेकून बसले, आणि मी दिलेलं पाणी एका दमात प्यायले. खड्ड्यात अर्थिंगची पट्टी उतरली, लोणारी कोळसा आणि मीठ थराथरानं पडलं, वरून पाणी ओतलं. मडावींनी दिवा लावून दाखवला. तो लख्ख पेटला. भाऊजींनी या वेळी पुन्हा लावा म्हटलं नाही.

सहाच्या सुमारास एसी सुरू झाला. ताईला आत निजवून दार लावलं. भाऊजी दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून विचारू लागले, "ठीक हायेस न?" पहिले चार वेळा ताईनं हो म्हटलं. पाचव्या वेळी म्हणाली, "सगळी थंडी तुमीच बाहेर काढून राह्यले. एक तं आत या, नाई तं दार लावा." ते उंबऱ्यावर बराच वेळ उभे राहिले. मग चप्पल बाहेर काढून आत गेले आणि दार आपल्यामागे ओढून घेतलं. मी कडीचा आवाज ऐकला.

तेव्हापासून उन्हाळ्यात रोज दुपारी दोन वाजता भाऊजींचा मला फोन येतो. तुमच्या कूलरची अर्थिंग पाहून घेतली का, पाणी भरताना बटण बंद करता न, पायात चप्पल आहे न. सुरुवातीला मी तपासली, मग नुसतंच हो हो म्हणू लागले, मग शाळेतल्या बायकांना त्यांची नक्कल करून दाखवू लागले. मागच्या आठवड्यात एक दिवस दोन वाजून गेले, अडीच झाले, फोन आला नाही. मी पेपर तपासत होते, पण एकच पेपर तिसऱ्यांदा तपासते आहे हे लक्षात आलं. तीन वाजता राहवेना म्हणून मीच लावला. ताईनं उचलला.

"भाऊजी कुठी आहेत?"

"हळू बोल," ती म्हणाली. "इथी, माझ्या बाजूलेच. दार लावून झोपले हायेत. दुपारचे झोपलेले मी त्याईले लग्नापासून पहिल्यांदा पाहून राह्यली."

मागून एसीचा बारीक आवाज येत होता, आणि त्याच्यावरून भाऊजींचं संथ घोरणं. आम्ही दोघी ते ऐकत राहिलो.