शैलाताई आणि एक मथळा

शाळेत गेल्यावर शैलाताई खुर्चीवर बसत नसत. मुख्याध्यापक खुर्ची पुढे करत, शिपाई चहाला निघे. त्या म्हणत, "चहा शेवटी. आधी बाक." मग शेवटच्या बाकावर, नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये गुडघे दुमडून बसत आणि वहीत तीन रकाने आखत. आधी काय घडलं. मूल कसं वागलं. नंतर त्याला काय मिळालं. तीन दिवस वही भरल्याशिवाय त्या कोणत्याही मुलाविषयी बोलत नसत. चौथ्या दिवशी जे बोलत, ते ऐकणाऱ्याला सहसा आवडत नसे.

बोदवड तालुक्यातल्या शाळांवर त्या विशेष शिक्षिका होत्या, कंत्राटी. राहायला जळगावात पिंप्राळ्यात, माहेर शिरपूरकडचं. एरवी प्रमाण मराठी बोलत. राग आला की खानदेशीत जात. त्या नेहमी रागावलेल्या असत, असं शिक्षक सांगत. मी जळगावच्या एका दैनिकात शिक्षणाच्या बातम्या करत होतो. त्यांच्यावर लिहायचं म्हणून त्यांच्यासोबत एका गावच्या चौथीच्या वर्गात गेलो.

तिथल्या मुलीला इथे रूपाली म्हणतो. नाव बदललं आहे. एवढी काळजी तेव्हा घ्यायला हवी होती.

"रोज वही फाडते, शेजारच्यांना चिमटे काढते," वर्गशिक्षक चौधरी सर म्हणाले. "रोज वर्गाबाहेर उभी करतो, तरी फरक नाही. मंद आहे ताई. तसा दाखला मिळवून द्या, म्हणजे तीही सुटेल, मीही सुटेन."

चौथ्या दिवशी शैलाताईंनी वही सरांसमोर उघडी ठेवली. आधी : उभं राहून वाचायला सांगितलं. वर्तन : वही फाडली. नंतर : वर्गाबाहेर. तिन्ही दिवस तेच. गणिताच्या तासाला एकदाही नाही.

"तुम्हाला वाटतं, तुम्ही शिक्षा देता," त्या म्हणाल्या. "तिला वाचनातून सुटका हवी असते. ती तुम्ही रोज देता. वही फाडली की बक्षीस."

"म्हणजे चूक माझी?"

"ती पोर मंद नही शे, सर. बठ्ठा वर्गना म्होरे तिले उभी करतस, तिना जीव जास."

सगळ्या वर्गासमोर उभं राहण्याची धास्ती, हे ऐकून सर हसले. ताई हसल्या नाहीत. रूपालीला भ आणि म, घ आणि ध यांतला फरक पटकन कळत नव्हता. हीच मुलगी केळीच्या घडाकडे बघून फण्या किती ते अचूक सांगायची. शैलाताईंनी तिला अक्षरं वेगळी पद्धत वापरून शिकवायला घेतली : वाळूत बोटाने गिरवायची, तोंडाने म्हणायची, मग कागदावर. दुसऱ्या दिवशीच्या दोन ओळी तिला आदल्या दिवशीच मिळत. वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी. थांबावंसं वाटलं तर बाकावर तळहात ठेवायचा. सरांनी काही न विचारता दोन मिनिटं द्यायची. सर पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले. दोन्ही वेळा ताईंनी मुलांसमोर त्यांची कानउघाडणी केली. ते चुकलंच, हे त्यांनी नंतर मान्य केलं, पण सरांजवळ नाही, माझ्याजवळ.

तीन महिन्यांनी वही फाडणं थांबलं. रूपालीने बसल्या जागी चार ओळी वाचल्या. मी बातमी लिहिली. फोटो दिला, गावाचं नाव दिलं. मजकुरात ताईंचा 'अध्ययन अक्षमता', म्हणजे बुद्धी असूनही वाचनात अडणं, हाच शब्द वापरला होता. मथळा उपसंपादकाने केला : 'मंद मुलगी वाचू लागली'. पान छपाईला जाण्यापूर्वी मी तो पाहिला. दोन कॉलमांत 'अध्ययन अक्षमता' बसत नव्हतं. मी काही बोललो नाही.

चार दिवसांनी शैलाताई कार्यालयात आल्या. पेपर माझ्या टेबलावर आपटला.

"मंद कोनी सांगं तुमले?"

मी म्हणालो, "मथळा डेस्कवर होतो, ताई. जागा कमी होती."

"जागा?" त्या प्रमाण मराठीवर आल्या. त्यांच्या तोंडून ते जास्त भीतीदायक वाटलं. "तो शब्द गावाच्या तोंडातून काढायला मला तीन महिने लागले. तुम्ही जागेत बसतो म्हणून परत घातला. सोमवारपासून पोरगी शाळेत नाही."

"उद्या दुरुस्ती छापतो."

"ती कोण वाचतं? आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. गावात चला. तिच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत सांगा."

गेलो. ओट्यावर रूपालीचे आजोबा होते. गाव त्यांना नाना म्हणे. शेजारचे पाच-सहा जण जमले. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगी मंद नाही, पेपरात चुकीचं छापलं.

"खोटं होतं, तर छापलं कशाले?" नानांनी विचारलं.



"नाना, लोक बोलतील आणि विसरतील," शैलाताई म्हणाल्या. "पोरीला उद्या पाठवा. ज्यानं तिला पेपर वाचून दाखवला, त्याचं नाव सांगा, त्याच्याशी मी बोलते."

नानांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"कोनी नाही दाखवला, ताई. पेपर खाटेवर पडेल होता. तिनंच वाचला. बोट ठेवून, एका दमात. आम्हाले आनंद झाला आधी. मग तिनं विचारलं, नाना, हे माह्यावर आहे का?"

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून आत गेल्या.

रूपाली त्या वर्षी शाळेत आली नाही. कंत्राट संपेपर्यंत, आणि संपल्यावरही, शैलाताई दर रविवारी तिच्या घरी शिकवायला जात राहिल्या. मी येऊ का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या "नको" म्हणाल्या.