कानसेनाचा मुका गिझर

माझा मामा गॅसचे गिझर दुरुस्त करतो आणि अख्खी गल्ली त्याला कानसेन म्हणते. कारण फोन आला की तो पत्ताबित्ता विचारत नाही. आधी म्हणतो, "आवाज काढा."

"कुणाचा?"

"गिझरचा हो. नळ सोडल्यावर कसा बोलतो?"

मग भलीभली माणसं बोलायला लागतात. बँकेतले साहेब खुर्चीतल्या खुर्चीत आवाज दाबून "टिक... टिक..." करतात. मामा म्हणतो, "सेल उतरलेत, बदला." एक मुख्याध्यापिका "टिकटिकटिक भक्क! फुस्स" करतात. त्यांना सांगतो, "पाण्याला जोर नाही. जाळीत कचरा अडकलाय, येतो." मुख्याध्यापिकांचं ते "भक्क" मला हुबेहूब जमतं. पाहुण्यांसमोर करायला मात्र आईनं बंदी घातलीय.

तर अशा या मामाच्याच घरात तीन दिवस पाणी तापत नव्हतं.

रविवारी सकाळी मी गेले, तर मामा न्हाणीघरात गिझर उघडून उभा आणि मामी ओट्यापाशी पाठ करून. दोघांचा अबोला. मला पाहताच मामीला कंठ फुटला.

"सांग तुझ्या मामाला! आज बारा वाजेपर्यंत पाणी तापलं नाही, तर मी चौकातल्या पाचमिनिटवाल्याला बोलावणार."

पाचमिनिटवाला म्हणजे दुसरा मेकॅनिक. मामाचा चेहरा खर्रकन उतरला.

"त्याची स्कूटर माझ्या दारात? मग उद्यापासून मला फोन कोण करेल गं?"

घड्याळात पावणेअकरा.

मामानं नवे सेल घातले होते, आतला स्विच बदलला होता, ठिणगीची वायरसुद्धा बदलली होती. "ठिणगीच पडत नाही," तो म्हणाला. "पार मुका झालाय. बघ." आणि त्यानं नळ सोडला.

टिकटिकटिकटिकटिक!

"मामा, अरे बोलतोय की!"

"चेष्टा नको हं. आधीच वेळ कमी आहे."

"चेष्टा नाही. टिकटिकटिकटिक," मी जोरात करून दाखवलं. "आत्तासुद्धा चालू आहे."

"मला तर तीन दिवस ऐकू येतंय," ओट्याजवळून मामी म्हणाली. "पण मला विचारतंय कोण?"

मामानं नळ बंद केला. पान्हा या हातातून त्या हातात घेतला.

"बारीक आवाज... जरा कमी येतात हल्ली. वर्ष झालं असेल."

फोनवरची माणसं आपल्या जाड आवाजात टिकटिक करायची, ती याला कळायची. खरी ठिणगी मात्र बारीक बोलते. आणि कानसेनाचा कानच गेला म्हटल्यावर लोक हसतील, म्हणून हा कुणाला पत्ता लागू देत नव्हता.

मामी उलथनं घेऊनच न्हाणीघराच्या दारात आली. "वर्ष? म्हणजे मी 'अहो, दूध बघा' म्हणते, तेव्हा..."

"म्हणतेस?"

"'अहो, पंखा बंद करा'?"

"कधी?"

"अगं बाई! मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करताय! वर्षभराचा राग माझा फुकट गेला की!" आणि मामीला जे हसू फुटलं, ते दाराची चौकट धरून आवरावं लागलं. मामाही हसला, पण आधी माझ्याकडे बघून, खात्री करून.

"हसा नंतर," मामी मोठ्यांदा म्हणाली. "ठिणगी आहे, तर मग काय नाही?"

"गॅस नाही!" मामा ओरडला आणि तिघंही गॅलरीत धावलो. सिलिंडर भरलेला, बटण चालू. आणि रबरी नळीवर बसलेली मामाची हत्यारांची पेटी. दहा किलोची. नळी पार चपटी.

"कोणी ठेवली ही?"

"पाचमिनिटवाल्यानं," मामी म्हणाली.

मामानं निमूटपणे नवी नळी लावली, जोडावर साबणाचा फेस लावून एकही बुडबुडा येत नाही ना पाहिलं, न्हाणीघराची खिडकी सताड उघडली. नळ सोडला. टिकटिकटिक... भक्क! गिझर पेटला, टिकटिक थांबली. ते 'भक्क' मात्र त्यालाही ऐकू आलं. साडेअकरा वाजले होते. पहिली बादली मामीची, आणि आतून ती इतकं मोठ्यांदा गात होती की कान तपासायची गरजच नाही, असं मामाचं म्हणणं पडलं.

तरी तपासणी झाली, कानाचं यंत्र यायचंय. तोवर फोन मामी घेते. "आवाज काढा," म्हणते आणि साहेबांची दबकी टिकटिक मामाला दणदणीत करून ऐकवते. माझ्यापेक्षा बरी करते, हे सांगताना जीव तुटतो माझा.

कामावरही बरोबर जाते. मामा गिझरपुढे उभा राहतो, ही मागे उभी राहून प्रत्येक ठिणगीला त्याच्या खांद्यावर बोट वाजवते. बोट थांबलं की मामा मान न वळवता गिऱ्हाइकाला सांगतो, "पेटला."