बत्तासा

मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलतं करण्याचं रीतसर शिक्षण घेऊन मी धुळ्याला आलो, तेव्हा त्या शिक्षणाचा उपयोग करून घेईल अशी एकही शाळा अख्ख्या खानदेशात नव्हती. मग पोटासाठी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो. लोक कौतुकानं विचारायचे, बी.ए. झाल्यावर मुंबईला जाऊन आणखी दोन वर्षं काय शिकलात? मी म्हणायचो, बोलायला शिकवायला शिकलो. लोक हसायचे. तुम्ही मास्तर फार विनोदी, म्हणायचे.

मी ते शिक्षण हौसेनं घेतलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीसाठी घेतलं होतं.

आमचं घर एरंडोलचं, शेतकऱ्याचं. आई धाकटीच्या बाळंतपणातच गेली. घरात आमचे वडील, म्हणजे नाना, त्यांची विधवा बहीण अक्का, मी आणि धाकटी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अक्कानं तिच्या जिभेला वेखंड चोळून पाहिलं, मध चाटवून पाहिला, पद्मालयाच्या गणपतीला चांदीची जीभ वाहीन म्हणून नवस बोलून ठेवला. धाकटीचं काही अडत नव्हतं. तिची स्वतःची हातांची भाषा होती. मिशीला पीळ दिला की नाना. कपाळावरून पालथा हात फिरवून कुंकू पुसलं की अक्का. तळहातावर बोटानं लिहिलं की मी. चार घरं फिरून आली की कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणाशी भांडलं, सगळं हातांनी सांगायची, आणि शेळ्यांचा दलाल लंगडत कसा चालतो ते असं करून दाखवायची की नाना उपरणं तोंडात कोंबून हसायचे. मला वाटायचं, हातांनी एवढं सांगणारी पोर बोलायला लागली तर काय बहार होईल. त्या एका वाटण्यापायी मी मुंबई गाठली.

मुंबईतल्या एका शाळेला जोडून शिक्षकांचा वर्ग होता. तिथला पहिला नियम असा की मुलानं हातवारे करायचे नाहीत. हातांनी काम भागलं तर तोंड कशाला उघडेल, असं आमचे मास्तर म्हणायचे. मूल समोर बसवायचं, त्याचे हात मांडीवर ठेवायचे, त्यानं फक्त आपल्या तोंडाकडे पाहायचं. हात हलला की धडा बंद. मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं होतं. पुस्तकांत तसंच होतं, आणि पुस्तकं विलायतेहून आलेली होती.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो आणि धाकटीला ओसरीवर उजेडात समोर बसवली. मध्ये आरसा. तिच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची आणि ‘प’ म्हणायला लावायचं, पट्टी हलली की जमलं. ‘म’साठी तिचं बोट माझ्या नाकाला लावायचं, म्हणजे थरथर कळते. जमलं की तिच्या तळहातावर एक बत्तासा ठेवायचा. ती लबाड अर्धवट जमलं तरी तळहात पुढे करायची. मी मान हलवली की खट्टू व्हायची आणि पुन्हा ओठ आवळून बसायची.

पहिला पाठ तीन प्रश्नांचा होता. तुझं नाव काय, वडिलांचं नाव काय, गाव कोणतं. तिचं नाव ओठांवरच्या अक्षरांचं, ते लवकर आलं. नानांच्या नावाला वेळ लागला. ‘एरंडोल’नं मात्र माझा जीव खाल्ला. त्यातला ‘र’ कुठे होतो हे तिला दाखवताना चमच्याच्या दांडीनं जीभ वर उचलावी लागायची, तिला ओकारी यायची, डोळ्यांत पाणी यायचं. तरी ती उठून जायची नाही. सुट्टी संपता संपता तिन्ही उत्तरं आली. आवाज जाडसर, पण शब्द कळत होते. प्रश्न ती ओठांवरून ओळखत नव्हती. पहिल्यांदा तोंड हललं की आपलं नाव, मग वडिलांचं, मग गाव, एवढं तिनं धरून ठेवलं होतं. खरं ओळखणं पुढच्या वर्षी शिकवू, असं मी ठरवलं होतं. नानांनी तिच्या तोंडून आपलं नाव ऐकलं त्या दिवशी ते मळ्यात गेले नाहीत. अक्कानं पद्मालयाला जाऊन नवस फेडला.

त्या तीन उत्तरांपलीकडे ती कधी गेली नाही, हे मी आत्ताच सांगून टाकतो.

धडे चालायचे तेव्हा अक्का चुलीपाशी बसून सगळं पाहायची. माझ्या ध्यानात आलं नाही, पण आमच्यात मुलगी पाहायला येतात तेव्हा हेच तीन प्रश्न विचारतात, आणि याच क्रमानं. मुलगी पाटावर येते, मान वर करते, एक म्हातारा नाव विचारतो, बापाचं नाव विचारतो, गाव विचारतो. मुलगी मुकी नाही, तोतरी नाही, एवढं कळलं की पुढची बोलणी. आलेल्या माणसाला मुलीचं गाव ठाऊकच असतं, तरी विचारतो. मुलीनं अधिक बोलू नये हाही रिवाजच. मुंबईला परत जाताना मी नानांकडून शब्द घेतला होता की कुठे स्थळ निघालंच तर आधी खरं सांगायचं. नाना हो म्हणाले होते. ते सहसा खोटं बोलत नसत.

माझी शेवटची परीक्षा चालू असताना धुळ्याची मंडळी धाकटीला पाहायला आली. अक्कानं तिला दारासमोर उजेडात बसवली, हात मांडीवर ठेवायला लावले. तिनं तिन्ही उत्तरं बिनचूक दिली, आणि अक्कानं तिच्या तळहातावर बत्तासा ठेवला. मुलगी पसंत पडली. त्याच आठवड्यातला मुहूर्त धरला. मला लग्न कळलं ते लग्न झाल्यावर. घरी येऊन मी आरडाओरड केली तर अक्का शांतपणे म्हणाली, “पोर बोलस. आखो काय जोयजे?” नाना म्हणाले, “सांगसूत. थोडं रुळू दे तिले, मंग सांगसूत.”

ते ‘मंग’ कधी उगवलं नाही. धुळ्याच्या नोकरीचं निमित्त करून मी तिच्या जवळ राहायला गेलो. तिच्या सासरी जायचो तेव्हा चहा मिळायचा, ती मिळायची नाही. एकदा मागच्या दारी भेटली. तिनं पदर सारून दंड दाखवला. चिमट्याचे डाग होते. मग हातांनी सांगितलं: चूल, चिमटा, सासू. आणि कशामुळे ते दाखवायला आपल्या ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. सासरच्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्यासमोर ही खणखणीत बोलली. मग घरात हाक मारली तर ओ का देत नाही? विचारलं तर उत्तर का देत नाही? तिला ऐकू येत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, हे तिच्या बापाला सांगू दे. ती मुळातच मुकी असती तर त्यांनी फसवणूक म्हणून तिला माघारी धाडली असती आणि आम्ही सुटलो असतो. तिला बोलता येत होतं, म्हणून ती माजोरी ठरली.

मी हट्ट धरून नानांना धुळ्याला आणलं आणि समाजातल्या जाणत्या म्हाताऱ्याच्या घरी दोन्हीकडची बैठक बसवली. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. वाटेत नानांना मी एकच सांगितलं, “तिले आयकू येत नही, एवढं सांगी द्या.” नाना मान डोलावत होते. एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं तर धाकटी त्या संध्याकाळी आमच्याबरोबर एरंडोलला आली असती.

आबांनी विचारलं, “नाना, पोर बोलस का नही?”

बैठकीत नानांचे सोयरे होते, पोरीच्या लग्नात मानपान घेतलेले, देवाणघेवाणीतले. नाना पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत म्हणाले, “बोलस.”

मी उठून म्हणालो की तिला जन्मापासून ऐकू येत नाही, मी स्वतः तिला शिकवलं आहे, ती तीनच उत्तरं पाठ करून देते. आबा म्हणाले, मग तिलाच विचारू. धाकटी दाराशी बसली होती. आबांनी हात करून तिला पुढे बोलावली, उजेडात बसवली. तिनं हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. आबा चांगले होते. त्यांनी मायेनं, सावकाश, रिवाजाप्रमाणेच विचारलं.

“पोरी, तुनं नाव काय शे?”

मी हातांनी नको नको म्हणत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. धड्याला बसलं की हातांकडे पाहायचं नाही. तिनं नाव सांगितलं. मग वडिलांचं नाव. मग एरंडोल, त्या ‘र’सकट.

सासरा म्हणाला, “आम्ही समदासनी आयकं तेच शे हाई. आम्हना घरमाच तोंड शिवीसन बसस.”

मी ओरडलो, तिला दुसरं काही विचारा. आबांनी विचारलं, “सासरी तुले काय दुख शे?” ती नुसती हसून पाहत राहिली. चौथा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता.

“देखा,” सासरा म्हणाला, “सांगानी येळ उनी का तोंड बंद.”

मी तिच्यासमोर जाऊन बसलो, तिची हनुवटी वळवली आणि खूण केली, दंड दाखव. तिचा हात उचलला जात होता तेवढ्यात आबांनी मला थांबवलं. “हातवारा कसाले करस, भाऊ? तिले बोलता येस ना. तोंडनी सांगू दे.”

मुंबईचे मास्तर अगदी हेच म्हणायचे. माझ्या सगळ्या शिक्षणात त्याचं उत्तर नव्हतं. धाकटीनं आबांचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

आबा म्हणाले, “पोर हट्टी शे. समजाडीसन लई जा.”

मंडळी उठली. पानसुपारी फिरली. नाना कुणाशी तरी पावसापाण्याचं बोलत होते. सासऱ्यानं दारातून तिला चल म्हणून खूण केली. ती निघाली, वाटेत माझ्यापाशी थांबली. तिला वाटत होतं की आज सगळं नीट झालं. एवढ्या माणसांत तिन्ही उत्तरं आली होती, एकही चुकलं नव्हतं. तिनं माझ्यापुढे तळहात पसरला.

खिशात बत्तासे होते. तिला एरंडोलला नेताना वाटेत द्यायला आणले होते. मी एक काढला आणि तिच्या हातावर ठेवला.