जानूदादांनी वाचलेला ओतीव आकडा

भिवंडीत गाड्यांचे कागद करून देणारे आम्ही एजंट पाचपन्नास तरी असू, पण छाप घ्यायला सगळे जानूदादांकडेच धावायचो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर इंजिनावर ठोकलेल्या नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि ती छाप अर्जाला जोडायची, ही तेव्हाची रीत. म्हटलं तर पोरखेळ. पण मी घेतलेली छाप म्हणजे तव्याची काजळी. जानूदादांची छाप चष्मा न लावता वाचता यायची.

जानूदादा वडप्याच्या बौद्धवाड्यातले. शिक्षण सातवी, गॅरेज भिवंडीत, अंगाने काटकुळे आणि बोलायला महाकंजूस. तारेचा ब्रश आणि रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनाशी उकिडवे बसले की मागून कुणी हाक मारलेलीही ऐकू यायची नाही. इंजिनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात, हे त्यांनीच मला शिकवलं. एक ओतीव, भट्टीत साच्यातूनच उठून आलेला. तो एका जातीच्या सगळ्या इंजिनांवर सारखा, आणि शेजारी कधी कधी ओतल्याचं सालही असतं. दुसरा पंचाने, म्हणजे पोलादी ठशाने ठोकलेला, खोल गेलेला, त्या एकाच इंजिनाचा. ठोकलेला आकडा घासून तिथे दुसरा ठोकता येतो. ओतीव घासायला गेलं की चोरी लगेच उघडी पडते. जानूदादा म्हणायचे, "पंच मानसाचा, ओतीव भट्टीचा." ते कुठलाही आकडा कधी खोटा वाचत नसत. यावरून आमची भांडणंही झाली आहेत, कारण माझं पोट थोड्याफार डोळेझाकीवर चालायचं.

दोन हजार पाच सालची गोष्ट. वडप्याचे केसरीनाथ पाटील जाऊन चार वर्षं झाली होती. शेतांवर गोदामं उभी राहिली होती, आणि अंगणात ताडपत्रीखाली त्यांची जुनी काळी विलायती मोटार होती, एकोणसाठ सालची. पुण्याचे एक शौकीन गृहस्थ ती घ्यायला तयार झाले. अट एकच, इंजिन मूळचं हवं. केसरीनाथांचा मुलगा मनोज याने कागदांसाठी मला बोलावलं आणि मी जानूदादांना स्कूटरवर घातलं.

वाटेत चहाच्या टपरीवर दादांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

केसरीनाथांची बायको सीताबाई वज्रेश्वरीची मोठी भक्त. दरवर्षी गाडीने दर्शनाला जायची आणि येताना तिथल्या गरम कुंडाचं पाणी स्वतःच्या हाताने रेडिएटरमध्ये ओतायची. तीर्थ ते. शिवाय जे पाणी मुळातच तापलेलं, ते आणखी काय तापणार, असा तिचा हिशेब. आपण हसू, पण घरात कुणाला तो चुकीचा वाटला नव्हता. त्या खारट पाण्याने आतल्या वाटा बुजत गेल्या आणि त्र्याहत्तर साली इंजिन तापून त्याचा ओतीव ब्लॉक उभा तडकला. तेव्हा सासू राहीबाई जिवंत होती, आणि ती तोंडाची फार तिखट; सुनेला तिने जगू दिलं नसतं. केसरीनाथांनी गाडी ब्रेकच्या कामाला म्हणून हलवली, भंगारातून त्याच जातीचं दुसरं इंजिन आणलं आणि बावीस वर्षांच्या जानूकडून त्यावर जुना नंबर ठोकून घेतला. म्हणाले, त्या पान्यावर माझ्या बायकोचा जीव हाय, तिला कधी कळता कामा न्हाय. जानूने शब्द दिला. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं बाई जत्रेहून आल्या की दुसऱ्या दिवशी हा माणूस कसलंतरी निमित्त काढून जायचा, ते तीर्थ गुपचूप काढायचा आणि विहिरीचं पाणी भरायचा.

"आता तो पुन्याचा मानूस मला इचारनार," दादा म्हणाले. "खोटं वाचायचं न्हाय, आनि शब्द बी मोडायचा न्हाय. काय करू?"

मी म्हटलं, सोपं आहे. ठोकलेला नंबर वाचा आणि ओतीवाकडे बघूच नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चहाचे पैसे मीच दिले.

वडप्याला पोचलो. छाप घेतली, गाडीच्या आरसी पुस्तकाशी ताडली, आकडा न् आकडा जुळला. मनोज खूश. सीताबाई ओटीवरून अभिमानाने सांगत होत्या की या इंजिनाला कधी कुणी हात लावला नाही, वज्रेश्वरी आईच्या तीर्थावर चाललं. पुण्याच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "म्हणजे इंजिन मूळचंच ना?"

मी दादांना डोळा मारला. त्यांनी ब्रश घेतला, ब्लॉकच्या अंगाला खाली जमलेला चिखल खरवडला आणि बॅटरीचा उजेड पाडला. "न्हाय, साहेब. गाडी एकोनसाठची. ह्यो ब्लॉक ओतलाय सासष्ट साली."

मग नंबर कसा जुळतो, असं गृहस्थांनी विचारलं.

"मी ठोकला," दादा म्हणाले. "तवा मी नवखा व्हतो. तापलेल्या इंजिनात गार पानी ओतलं, ब्लॉक तडकला. शेठच्या पाया पडलो, बोभाटा करू नका म्हनून."

मी हबकलो. जो माणूस आयुष्यात कुणाच्या पाया पडला नाही, तो भर अंगणात चार लोकांपुढे हे सांगत होता. आणि इंजिनावर ज्याने कधी खोटं वाचलं नाही, तो स्वतःबद्दल धडधडीत खोटं बोलत होता. पुण्याचे गृहस्थ विचार करतो म्हणाले आणि निघाले, ते परत आले नाहीत. मनोजने दादांना नाही नाही ते ऐकवलं. त्याने ते गावभर केलं, आणि वडप्याचे ट्रान्सपोर्टवाले वर्षभर छापेसाठी दुसऱ्या माणसाला बोलावत होते. सीताबाई गेल्या म्हणून आज हे लिहितो आहे. जानूदादा वाचतील आणि मला शिव्या घालतील. घालोत.

तर मनोजचं तोंड चालूच होतं, तेवढ्यात सीताबाई ओटीवरून खाली आल्या. त्यांनी मुलाला गप्प केलं. दादांच्या समोर उभ्या राहिल्या. डोळे भरलेले.

"जानू, चूक तुझी," त्या म्हणाल्या, "पर ह्यांनी ती मरेपत्तर पोटात ठेवली. मला, घरच्या बायकोला बी कळू दिली न्हाय. लोक त्यांना उगाच कडक म्हनत. असा मानूस मला मिलाला व्हता."

दादांनी मान खाली घातली. "व्हय, वयनी," ते म्हणाले. "शेठ तसंच व्हते."

बाई रडत होत्या, पण चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता. मी गाडीकडे तोंड करून उभा राहिलो.