आज एका नर्सचा हेवा वाटला

सिस्टर्स, आज माझा नुसता जळफळाट झालाय, म्हणून इथे लिहितेय.

भाईंदर पश्चिमेच्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या नणंदेला भेटायला गेले होते. मीही नर्सच, पण दुसरीकडे. डॉक्टर राउंडला आले आणि तिथल्या तरुण नर्सला म्हणाले, "सुजाता, यांना आज घरी सोडूया का?"

ती बिनधास्त म्हणाली, "नको सर, उठल्या की चक्कर येतेय त्यांना."

"बरं, मग उद्या बघू."

माझ्या अंगाची आग झाली. आमचे सर फाइल बघतात आणि निघून जातात.

मी तिला विचारलं, "सरांशी बोलायला भीती नाही वाटत?"

"त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं ना!"

आठ वर्षं झाली, मी नुसती 'ए सिस्टर' आहे. उद्या सरांना आधी माझं नाव सांगणार, मग पेशंटबद्दल बोलणार.

तुमच्या डॉक्टरांना तुमचं नाव माहितीये?